सातच्या गाडीतला गप्प माणूस

जुईची लोकरीची पिवळी टोपी मी खिडकीतून आत टाकली, आणि ती बाकावर पडायची सोडून एका माणसाच्या चहात पडली.

बारामती डेपोत सातची इंदापूर फलाटाला लागली की दारातून चढणारे वेगळे आणि खिडकीतून जागा धरणारे वेगळे. रुमाल, पिशवी, पेपर… ज्याची वस्तू ज्या बाकावर, तो बाक त्याचा. असं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. माझ्या कडेवर साडेतीन वर्षांची जुई, एका खांद्यावर माझी बॅग, दुसऱ्यावर तिची. दारातल्या रेटारेटीत तिला घेऊन शिरायची मला भीती वाटायची. तिचा हात कुणाच्या कोपराखाली चिरडला तर? चप्पल निघून पाय पत्र्याला लागला तर? म्हणून मी रोज आधी रुमाल टाकायची आणि गर्दी ओसरल्यावर सावकाश चढायची. त्या दिवशी रुमाल जुईच्या नाकापायी ओलाचिंब झाला होता. हाताला लागली ती टोपी.

वर चढले तर तो माणूस एका हातात कागदी कप आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत ठिबकणारी टोपी धरून बसलेला. शेजारची खिडकीची जागा त्याने स्वतःची बॅग ठेवून राखली होती.

“ही तुमची?”

“माझ्या मुलीची. सॉरी हं… तुमचा चहा…”

“चहाचं काही नाही. पण हिने मला एक घोटसुद्धा ठेवला नाही.”

जुईचा ओठ थरथरायला लागला होता. आता भोकाड पसरणार, इतक्यात तो तिच्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, “बाईसाहेब, तुमच्या टोपीला सकाळी चहा लागतो का?”

जुई विचारात पडली. “टोप्या चहा पीत नाहीत.”

“मीही आजपर्यंत असंच समजत होतो.”

ती हसली. मी नाही हसले. अनोळखी माणसाशी पोरगी इतक्या पटकन बोलते, याची मला तिथल्या तिथं काळजी वाटायला लागली. पण भवानीनगर येईपर्यंत त्याने खिडकीच्या दांडीला टोपी वाळत घातली होती आणि उडू नये म्हणून तिची दोरी बोटाला गुंडाळून धरली होती. लांब बोटं होती… शांत. मी बघत नव्हते. दिसलं, एवढंच.

त्याचं नाव दिग्विजय. गाव निरवांगी, राहायला बारामतीत आईबरोबर, आणि इंदापुरात चष्म्याचं दुकान. मी इंदापूरच्या एका शाळेत तिसरीला शिकवते, जुई तिथंच लहान गटात. घटस्फोटाच्या कागदावर सही होऊन वर्ष होत आलं होतं, आणि मी बारामतीला आई-आप्पांकडे परत आले होते. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. पण सातच्या गाडीत कुणाचं काय हे सगळ्यांना माहीत असतं.

त्याला कारण आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. परवेजभाईंचं इंदापुरात मोबाइलचं दुकान, त्यांनीच काढलेला — ‘सातची इंदापूर’. काढला होता कामासाठी. “गाडी लागली.” “सणसरला उसाची ट्रॉली आडवी, उशीर होईल.” “लासुर्णे सोडलं.” पण माणसं जमली की तेवढ्यावर कशी थांबतील? खिडकी उघडी ठेवावी की बंद, ड्रायव्हरने गाणी लावावीत की नाही, मुलांना हळद-दूध द्यावं की सिरप… सकाळी सुरू झालेला वाद दुपारच्या डब्यापर्यंत चालायचा.

आणि त्यात मी पुढे. कुणी चुकीचं लिहिलं की उत्तर दिल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. शेजारच्या वर्गावरची रेश्मा म्हणायची, “उत्कर्षा, पोरांच्या वह्या तपासून हात दुखत नाहीत का तुझे? ग्रुपपण तपासतेस!”

दिग्विजय मात्र “लासुर्णे सोडलं” याच्या पुढं कधी गेला नाही.

“नाव दिग्विजय, आणि भांडणाचा वास आला की तुम्ही पसार,” मी एकदा म्हटलं.

“नाव आजोबांनी ठेवलंय. त्यांना ग्रुपवर घ्या.”

“तुम्हाला कधीच काही वाटत नाही? कुणी धडधडीत चूक लिहितं तेव्हा?”

“वाटतं की. मग मी बघतो, हे दुपारपर्यंत टिकतंय का. बहुतेक टिकत नाही.” मग माझ्याकडे बघून, “तुम्ही डोळे फार बारीक करता. पाटी वाचताना. आणि माझ्यावर चिडतानाही.”

“तपासा मग.”

“या की दुकानात. चिडण्याचा नंबर वेगळा काढतो.”

गेले मी. जुईला काउंटरवर बसवून त्याने तिच्या हातात रिकाम्या फ्रेमा दिल्या. मला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड गोल चौकट चढवली आणि एकेक काच बदलत राहिला. आतलं ते छोटंसं अंधारं दालन, त्याचा श्वास कुठंतरी कानाजवळ…

“आधीचं बरं, की आत्ताचं?”

“आत्ताचं.”

“आणि आता?”

“…हेच.”

“नीट बघून सांगा. घाई नाही.”

इतक्या दिवसांत “घाई नाही” असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी अक्षरं वाचत होते आणि मला एकही दिसत नव्हतं.

त्याच आठवड्यात ग्रुपवर एक फोटो आला. फाटकं लुगडं, पाठीला गाठोडं — ‘मुलं पळवणारी बाई, इंदापुरात फिरतेय, दिसली की धरा.’ मी जुईला जवळ ओढलं. पटापट अंगठे, हात जोडलेले, लाल चेहरे. आणि मधेच, पहिल्यांदाच, दिग्विजयचा मेसेज —

‘ही सरुबाई. माझ्या दुकानासमोर बसते, प्लास्टिक गोळा करते. तिला मी लहानपणापासून ओळखतो. फोटो पुढं पाठवलाय त्यांनी परत फोन करून सांगा. परवेजभाई, काढून टाका.’

परवेजभाईंनी लगेच काढला. दिग्विजय स्वतः दुकान बंद करून संध्याकाळपर्यंत सरुबाईजवळ बसून राहिला, हे मला रेश्माने सांगितलं. त्या दिवशी घरी भाकरी थापताना मी आपोआप गुणगुणत होते, आणि आई माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही… मुद्दाम.

मग ती सकाळ आली. मी जागा धरली आणि जुईला शू लागली. तिला घेऊन स्वच्छतागृहाकडे धावले, परत आले तेव्हा गाडी सुटायच्या बेतात होती. माझी आणि जुईची जागा दिग्विजयने राखली होती. बाकी गाडी खचाखच. पाटबंधारे खात्यातले जगदाळे आबा, निवृत्तीला आलेले, दांडीला धरून उभे होते आणि इंदापूरपर्यंत उभेच राहिले. माझं लक्षच गेलं नाही. जुईचं अंग मला कोमट लागत होतं.

पहिल्या तासाला फोन थरथरला. आबांनी लिहिलं होतं, ‘म्हातारी माणसं उभी आणि लोकांच्या पिशव्या बसून.’ मी लिहिलं, लहान मूल बरोबर असतं. त्यांनी लिहिलं, मूल मांडीवर बसतं. मी लिहिलं, मीही तिकीट काढते. मग इतर आले. कुणी माझ्याकडून, जास्त त्यांच्याकडून. मधल्या सुट्टीत मी डबा उघडलासुद्धा नाही, बोटं चालूच. आणि मग आबांचं ते वाक्य —

‘ज्यांना घरात जागा टिकवता आली नाही, त्या गाडीत जागा अडवतात.’

ग्रुप एकदम शांत झाला. सगळ्यांनी वाचलेलं दिसत होतं. दिग्विजयनेही. त्याच्या नावापुढं ‘ऑनलाइन’ दिसत होतं… दिसत राहिलं… मग गेलं.

एक शब्द नाही.

पहिल्या घरी मी हेच बघितलं होतं. जेवताना सासू-दीर मला बोलायचे आणि नवरा मान खाली घालून मोबाइल बघत बसायचा. तो कधी हात उचलणारा नव्हता, ओरडणारा नव्हता. फक्त गप्प. लोक म्हणायचे, किती शांत नवरा मिळालाय. त्या शांतपणात मी बुडत होते, हे जुई पोटात असताना मला कळलं.

सरुबाईसाठी बोलला. माझ्यासाठी नाही. मी ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवसापासून मी साडेसातच्या गाडीने जायला लागले. शाळेत उशिराचा शेरा बसायचा, बसू दे. त्याचा एक मेसेज आला, ‘जुईला बरं आहे ना?’ मी उत्तर दिलं नाही. पुन्हा त्याच माणसाच्या शेजारी बसून, पुन्हा त्याच शांतपणावर विश्वास ठेवून जुईला त्यात ओढायचं? नाही. एवढं तरी मी शिकले होते.

साडेसातची एका सकाळी रद्द झाली, आणि सातची उशिरा आली. दोन्ही गाड्यांची माणसं एकाच दारात. मी मागे सरकून उभी राहिले. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, “पोरी, ए उत्कर्षा! हिकडं ये. पोरीला दे आदी खिडकीतनं.”

जगदाळे आबा. मी जागची हलले नाही. मग तेच उतरले, गुडघ्यावर हात ठेवत, एक-एक पायरी. गर्दीला कोपराने बाजूला सारून त्यांनी आम्हाला वर नेलं, जुईला खिडकीशी बसवलं, मला तिच्याजवळ, आणि स्वतः पुढच्या बाकाच्या कडेला टेकले. सगळी गाडी बघत होती. गाडीत मागे कुठंतरी दिग्विजय होता. मला माहीत होतं, मी वळले नाही.

“माजं चुकलं,” आबा सगळ्यांदेखत म्हणाले. “त्या दिशी गुडघा लय ठनकत व्हता. त्येचा राग तुज्यावर काडला. तसं लिवायला नको व्हतं. पुसलंय म्या ते. पर तू वाचलंच आसशील.”

“असू दे, आबा.”

“आसू दे कसं? न्हाय आसू दे.” त्यांनी मागे बोट दाखवलं. “त्यो चष्मेवाला. त्याच दिशी घरी आला माज्या. मला वाटलं, आला आता भांडायला. म्या बी तयार हुतो. बसला. च्या घेतला. गुडघ्याचं इचारलं. मग खिशातला फोन काडून माज्या हातात दिला आन् म्हनला, आबा, तुमी लिवलंय ते जरा मोठ्यानं वाचून दावा.”

आबांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

“माजी लेक समोर बसलेली. ती बी म्हायरी आल्याली हाय, दोन वर्षं झाली. म्या चष्मा लावला, वाचाया तोंड उगाडलं… ‘ज्यांना घरात’… फुडं शब्दच फुटंना. लेकीकडं बगवंना मला. त्यो काय बोलला न्हाय. फोन घेतला, पाया पडला आन् गेला.”

गाडी हलली. सणसरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि बाहेरचा ऊस मला नुसता हिरवा धूर दिसत होता. जुईने माझा गाल पुसला. “आई, तुझ्या नाकालापण सर्दी झाली?”

इंदापूरला उतरून मी जुईला स्टँडवर भेटलेल्या रेश्माच्या हाती दिलं. “तू हो पुढं, मी आलेच.” रेश्माने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि जुईला घेऊन जरा जास्तच लगबगीने गेली.

तो स्टँडच्या रसवंतीपाशी उभा होता.

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगायचं? सांगितलं असतं तर उपकार केल्यासारखं झालं असतं.”

“आणि ग्रुपवर? दोन ओळी? सरुबाईसाठी लिहिल्या होत्या.”

त्याने बॅग खांद्यावरून खाली ठेवली. मग म्हणाला, “सरुबाईला तासाभरात कुणीतरी मारलं असतं. तिथं थांबायला वेळ नव्हता. तुमच्या बाबतीत… मी लिहिलं होतं. चार वेळा लिहून खोडलं. मी लिहिलं असतं की पहिला प्रश्न आला असता, ही तुमची कोण लागते? भांडण बाकाचं राहिलं नसतं, तुमचं-माझं झालं असतं. आणि ते तिथं, शंभर माणसांपुढं… मला नको होतं.”

“म्हणून तुम्ही ठरवलंत. एकट्याने.”

“हो.”

“आणि मी इतके दिवस काय समजत होते, माहितीय? की तुम्हीपण तसलेच.” माझा आवाज चढला, रसवंतीवाला बघायला लागला. मी आवाज खाली आणला. “माझा पहिला नवरा असाच गप्प बसायचा. बाहेरून दोन्ही गप्प सारखेच दिसतात हो. आतलं मला कसं कळणार?”

त्याचा चेहरा उतरला. काही सबब नाही, काही नाही. “हे माझ्या डोक्यातच आलं नाही,” तो हळूच म्हणाला. “ते माझं चुकलं.”

“ग्रुपवर गप्प बसा. खुशाल बसा. पण माझ्याशी गप्प बसायचं नाही. काय करताय, का करताय, मला सांगायचं. भांडायचं असेल तर भांडायचं. पण गप्प नाही.”

“म्हणजे… पुढंही?”

मी एवढं बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय बोलले ते. कानाच्या पाळ्या तापल्या.

“शाळेची घंटा झाली असेल,” मी म्हणाले.

“माझ्याशी गप्प बसायचं नाही म्हणालात ना?” तो माझ्याबरोबर चालायला लागला. “मग एक सांगतो. साडेसातच्या गाडीने तुम्ही जायला लागलात, त्यानंतर मी पण एकदा साडेसातला आलो होतो. तुम्ही चढलात, आणि मला धीर झाला नाही. मी फलाटावरच राहिलो. दुकान दहाला उघडलं.” जरा थांबून, “मला तुम्ही आवडता. जुई आवडते. हे ग्रुपवर न लिहिता सांगायचं होतं.”

शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर मी एवढंच म्हणाले, “मला वेळ लागेल. माझ्याबरोबर ती आहे.”

“घाई नाही,” तो म्हणाला.

मी पुन्हा सातच्या गाडीने जायला लागले आणि परवेजभाईंनी मला ग्रुपवर परत घेतलं. मी फक्त गाडी कुठं आहे ते बघायची. हळद-दूध की सिरप… लिहू देत. कधी बोटं शिवशिवायची. मग मी स्वतःला विचारायची, हे वाचून कुणाचं काही बिघडणार आहे का? बहुतेक वेळा नाही असंच यायचं. एकदा कुणीतरी लिहिलं, तापात मुलांना ब्रँडी चोळा, थेंबभर पाजा. तिथं मात्र मी लिहिलं. दोन ओळी, डॉक्टरांना विचारून. आणि फोन ठेवून तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावले.

दिग्विजय आता बोलायचा. कधी जास्तच. दुकानातलं गिऱ्हाईक, आईची कंबर, रात्री आलेलं स्वप्न. “आज मला तुमचा राग आलाय,” एके दिवशी बसता बसताच म्हणाला, “काल तुम्ही फोन करते म्हणालात आणि केला नाही.” मी बघतच राहिले. असं सरळ सांगितलेल्या रागाने मला इतकं हलकं वाटेल, असं मला वाटलं नव्हतं.

एका संध्याकाळी परतीची गाडी होती. साखर कारखान्यांचं गाळप संपत आलेलं, रस्त्याला उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या. अंथुर्ण्याच्या पुढं गाडी त्यांच्यामागे रांगत होती. जुई झोपली होती, डोकं माझ्या मांडीवर आणि पाय त्याच्या. दोघांचे फोन एकदम थरथरले.

कुणीतरी पलीकडच्या बाकावरून आमचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. बाजूने, तिघंही दिसत होतो. खाली लिहिलेलं, ‘काही जणांची जागा आता कायमचीच धरलेली दिसतेय.’ हसरे चेहरे. ‘पेढे कधी?’ आणि त्याखाली एक, ‘एकदा मोडलं तरी काहींची हौस भागत नाही.’

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा जबडा आवळला होता, अंगठा फोनवर.

“लिहू?” त्याने विचारलं.

त्याने विचारलं… मला.

“काय लिहाल?”

“तुम्ही सांगाल ते. बोलायचं तर दोघं मिळून बोलू. नाहीतर दोघं मिळून गप्प.”

मी पुन्हा तो फोटो पाहिला. वाईट नव्हता. जुईचा पाय त्याच्या गुडघ्यावरून लोंबत होता आणि त्याचा हात, झोपेत तिची चप्पल पडू नये म्हणून, तिच्या टाचेखाली होता. तो हात तसा असतो, हे शेजारी बसून मला कधी दिसलंच नव्हतं.

“दोघं मिळून गप्प,” मी म्हणाले. “पण हा फोटो मला हवाय.”

त्याचा जबडा सैल झाला. तो हसला.

“आणि रविवारी घरी या. आई-आप्पांसमोर गप्प बसून चालायचं नाही हं. आप्पा विचारतील, आई तर फारच विचारेल.”

“तुमच्याबद्दल विचारतील?”

“तुमच्याबद्दल. माझ्याबद्दल त्यांना माहितीय. मी ‘हो’ म्हणणार आहे, हे आईला माझ्याआधी कळलंय.”

ट्रॉली बाजूला झाली, गाडीने वेग घेतला. त्याने जुईची चप्पल नीट सरकवली. मग अगदी खालच्या आवाजात,

“मग आता… तुम्ही-तुम्ही किती दिवस? ‘अगं’ म्हटलं तर चालेल?”

“म्हणून बघा.”

“अगं…” तो म्हणाला, आणि पुढं काय म्हणायचं होतं ते विसरला. मीही विचारलं नाही. जुईने कूस बदलली, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी तिला सावरलं.